जागा घेताना आधी पाणी, मग वाट, मग कागद

शहरात नोकरी करणारी तरुण मुलं हल्ली सल्ला विचारायला घरी येतात. कोकणात कुठेतरी थोडी जागा घ्यायची, दोन खोल्यांचं साधं घर बांधायचं आणि वर्षातले काही महिने तिथे शांत राहायचं, एवढीच त्यांची इच्छा असते. पैसे बेताचे असतात आणि ते लपवायचं काही कारणही नाही. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांतून साखळी ओढत हिंडलो. लोकांनी हौसेने घेतलेल्या जमिनी मोजल्या आणि त्याच जमिनींवरून पुढे उभी राहिलेली भांडणंही पाहिली. त्यातून जे पक्कं कळलं, तेवढंच इथे सांगतो.

जमिनीचा भाव गुंठ्यावर सांगतात, पण जागा स्वस्त पडली की महाग, हे घेतल्यानंतरच कळतं. दर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आणावा लागला, शेजाऱ्याने वाट अडवली किंवा एखाद्या वारसाने दावा लावला, की वाचवलेले पैसे दुपटीने जातात. म्हणून भावाकडे शेवटी बघा. आधी पाणी, मग वाट, मग कागद. या तिन्हींत उतरलेली जागा शेजारच्या जागेपेक्षा चार पैशांनी महाग असली तरी खरी स्वस्त तीच.

आधी घरचा सातबारा शोधा

बाहेर जागा शोधायच्या आधी आपल्याच घरातली जुनी ट्रंक उघडा. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांची गावाकडे सामाईक जमीन असते आणि सातबाऱ्यावर अजून आजोबा-पणजोबांची नावं असतात. ते जाऊन वर्षं लोटली तरी वारस नोंद कुणी केलेली नसते. आईच्या माहेरीही चौकशी करा. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर गाव निवडून गट नंबर किंवा नाव टाकलं की सातबारा बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

तिथे तुमच्या घराण्याचा हिस्सा निघाला, तर त्याहून स्वस्त जमीन तुम्हाला कुठेही मिळणार नाही. चुलत्यांशी, आत्यांशी बोला. वारस नोंद करून घ्या. वाटप करायचं तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सगळ्यांची संमती असेल तर हे काम सुरळीत होतं. तुमचं नाव सातबाऱ्यावर लागलं की कायद्याच्या नजरेत तुम्ही शेतकरी ठरता आणि पुढे दुसरीकडे शेतजमीन घ्यायची वाटही मोकळी होते.

शेतकरी नसाल तर

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. बिगरशेतकऱ्याला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘शेतकरी दाखल्याची सोय आम्ही करून देतो’ असं म्हणणारे दलाल तुम्हाला भेटतील. त्यांच्या दारातूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार कलम ८४क खाली अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. तोवर दलाल त्याची दलाली घेऊन मोकळा झालेला असतो.

तुमच्यासाठी सरळ मार्ग दोन. एक, रीतसर बिनशेती झालेला प्लॉट. दुसरा, आणि मला जास्त पसंत असलेला, गावठाणातलं जुनं घर. गावठाणातल्या घराला शेतकरी असण्याची अट नाही. वाट, वीज, नळ आणि शेजार आयता मिळतो. जोतं आणि भिंती धड असतील तर छप्पर नवं केलं की घर उभं राहतं. मात्र एक गोष्ट नीट बघा. घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. कोकणात घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची, असं सर्रास आढळतं. पूर्वी खोताच्या किंवा दुसऱ्याच्या जागेत बांधलेली घरं तशीच पिढ्यानपिढ्या चालत आलेली असतात. म्हणून घराखालच्या जमिनीचा सातबारा मागा. गावठाणात स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मागा. त्यावर विकणाऱ्याचं नाव असेल तरच पुढची बोलणी करा.

वैशाखात एकदा, आषाढात एकदा

जागा बघायला लोक दिवाळीनंतर येतात. तेव्हा सगळं हिरवं असतं, झरे वाहत असतात, हवा गोड असते. त्या दिवसांत कोकणातली कुठलीही जागा आवडते. तुम्ही तीच जागा वैशाखात भर दुपारी बघा आणि मग आषाढात, सलग पाऊस लागलेला असताना बघा. वैशाख पाणी दाखवतो, आषाढ जमिनीचा स्वभाव दाखवतो.

आषाढात छत्री घेऊन जागेत उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं ते पाहा. वरच्या डोंगराचं पाणी तुमच्या जागेतूनच उतरत असेल, तर घर त्या ओळीत बांधता येणार नाही. उतारावरची जागा असेल तर झाडांकडे बघा. बुंधे खालच्या अंगाला कललेले आणि मग वर वळलेले दिसले, तर तिथली माती हळूहळू सरकते आहे. विजेचे खांब किंवा गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, तिरके झालेत का, जमिनीला अर्धगोल भेगा पडल्यात का, एरवी नितळ असणारा झरा अचानक गढूळ वाहू लागलाय का, हेही बघा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला, महाडचं तळिये २२ जुलै २०२१ ला आणि खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराखाली गेली. उभ्या डोंगराच्या पायथ्याशी, विशेषतः वरचा उतार कुणी तोडून सपाट केला असेल तिथे, फुकट मिळाली तरी जागा घेऊ नका. देखावा कितीही सुंदर असो.

नदीकाठी असाल तर जुन्या भिंतींवर पुराची खूण शोधा. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं, हे तिथल्या भिंतींनी आणि माणसांनी लक्षात ठेवलंय. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. समुद्राकाठी भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात आणि खाडीकाठालाही त्यांचे निर्बंध आहेत. लाटांचा आवाज ऐकू येणारी जागा स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे, हे आधी तालुक्याला जाऊन समजून घ्या.

पाणी

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही होळीनंतर बायका हंडे घेऊन चालताना दिसतात. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकण थरावरून वाहत जातं आणि सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला, घळीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून सड्यावरची सपाट, मोकळी, वाऱ्याची जागा दिसायला छान असते आणि भावालाही हलकी असते, पण विहीर खोदली तर पाण्याचा भरवसा नसतो. त्याच सड्याच्या कडेला, थोड्या खालच्या अंगाला असलेल्या जागेत बारमाही पाणी मिळू शकतं.

शेजारच्या विहिरीवर जा. पाणी किती फुटांवर आहे ते बघा आणि तिथे पाणी भरणाऱ्या बाईला विचारा की मे महिन्यात किती राहतं. ती कुठल्याही पाणाड्यापेक्षा बिनचूक सांगेल. नळपाणी योजना आहे म्हणून कुणी सांगितलं, तर उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येतं, हे विचारा.

आणि छपराचं पाणी साठवा. हिशेब सोपा आहे. ५०० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. ३००० मिलिमीटर पाऊस त्यावर पडला, तर सुमारे १ लाख ३८ हजार लिटर पाणी होतं. वाया जाणारं सोडलं तरी लाखभर लिटर हाती येऊ शकतं. दोन माणसांना पिण्याला, स्वयंपाकाला आणि आंघोळीला जपून दिवसाला ८० लिटर लागले, तर फेब्रुवारी ते मे हे चार महिने जेमतेम १० हजार लिटरमध्ये निघतात. तेवढी टाकी घराच्या खर्चातच धरा. पहिल्या दोन-चार सरींचं पाणी बाहेर सोडा, छप्पर धुऊन निघू द्या. पन्हळीच्या तोंडाशी जाळी लावा. टाकीला झाकण घट्ट असू द्या, म्हणजे डास होत नाहीत.

वाट

‘इथून सगळे जातात, कुणी अडवत नाही’ असं विकणारा सांगेल. आज खरंही असेल. पण ज्याच्या जमिनीतून जाता, त्याचा मुलगा उद्या मुंबईहून परत आला आणि त्याने गडगा घातला, तर तुम्ही काय कराल? गाव नकाशा घ्या आणि त्यात रस्ता, पाणंद किंवा पायवाट तुमच्या गटापर्यंत दाखवली आहे का बघा. नसेल तर शेजारच्या खातेदाराकडून वाटेचा हक्क लेखी, नोंदणीकृत करून घ्या आणि तो त्याच्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढवून घ्या. हे काम खरेदीच्या आधीच करा, तेव्हा विकणाऱ्यालाही व्यवहार पुरा व्हायची घाई असते. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ बांधावरून वाट मागायचा हक्क देतं आणि मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा अडवलेली वहिवाट मोकळी करून देतो. पण त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात आणि शेजाऱ्याशी कायमचं वैर होतं.

वाट म्हणजे फक्त गाडीची नव्हे. चिरे, वाळू, कौलं घेऊन टेम्पो जागेपर्यंत पोहोचला नाही, तर प्रत्येक वस्तू डोक्यावरून न्यावी लागते आणि मजुरी दुप्पट होते. विजेचा शेवटचा खांब किती दूर आहे ते पावलांनी मोजा आणि महावितरणच्या कचेरीत तिथवर जोडणीचा अंदाज लेखी घ्या. दूर असेल तर दिवे आणि पंख्यापुरतं सौर यंत्र पुरतं.

सातबारा ओळीने वाचा

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. साताच्या भागात मालकी, बाराच्या भागात पीक. उतारा हातात घ्या आणि घाई न करता एकेक रकाना बघा.

वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर व्यवहार तुलनेने मोकळा. ‘वर्ग २’ असेल तर सरकारची अट आहे आणि परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग क्षेत्र येतं, हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ आर म्हणजे जवळपास १ गुंठा आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. क्षेत्राच्या खाली ‘पोटखराबा’ असतो, म्हणजे लागवडीत न येणारा भाग. एका एकरात निम्मा पोटखराबा असेल तर तो कातळ आहे की वहाळ, ते जागेवर जाऊन बघा. जमीन ‘वरकस’ असेल तर ती डोंगरउताराची, गवताची किंवा नाचणीची. भाव कमी असतो. चढउतार सोसणार असाल तर घ्यायला हरकत नाही.

मग खातेदारांची नावं. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नेहमीचंच. ज्याच्याशी बोलणी चालली आहेत त्याचं नाव त्यात एकच असतं. बाकीचे कुठे आहेत, कोण हयात आहे, कोणाच्या मुली लग्न होऊन कुठे गेल्या, हे सगळं विचारा. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रं नसतील तर पैसे देऊ नका. मुलींची नावं ‘त्या काही मागत नाहीत’ म्हणून वगळलेली असतील तर खास करून थांबा. त्यांचा हक्क कायद्याने आहे आणि तो मान्य करून केलेला व्यवहारच टिकतो. फक्त कुलमुखत्यारपत्रावर सही करणाऱ्याशी व्यवहार करायचा असेल, तर मूळ मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘इतर हक्क’. तिथे कुळाचं नाव असू शकतं, सोसायटीचा बोजा असू शकतो, वाटेचा हक्क असू शकतो. ‘कलम ४३ चे बंधन’ असं लिहिलं असेल तर ती जमीन कुळाला कुळवहिवाट कायद्याने मिळालेली आहे. त्याच कायद्याच्या कलम ३२म चं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून ते बंधन उतरवता येतं. तेवढं काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’ असा शेरा असेल, तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ती जमीन वनखात्याकडे गेलेली असू शकते. तिथे घर बांधायचा विचार सोडा. आदिवासी खातेदाराची जमीन जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६अ खाली संरक्षित आहे. ती घ्यायचा प्रयत्नही करू नका, कायद्याने आणि माणुसकीनेही. देवस्थान इनाम आणि गायरान यांनाही हात लावू नका. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे या बाजूला ‘कबुलायतदार गावकर’ पद्धतीच्या जमिनी आहेत. तिथे मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षं चालला आहे. हवा थंड आणि धुकं सुंदर, तरी प्रत्येक गटाची स्वतंत्र चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

झाडांचंही विचारा. हापूसची कलमं किंवा काजू काही वर्षांच्या कराराने दुसऱ्याला दिलेली असतात. जमीन तुमची झाली तरी करार संपेपर्यंत फळ त्याचं. काही ठिकाणी झाडाची मालकीच वेगळी लिहिलेली असते.

सातबारा आजचं चित्र दाखवतो. कालचं चित्र फेरफारात असतं. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक आहेत, त्या प्रत्येकाची नक्कल काढा आणि मालकी हातोहात कशी आली ते जुळवा. मधली एखादी कडी तुटलेली असेल, तर पुढे त्याच जागी दावा उभा राहतो. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. गावच्या माहितीतला, तालुक्याच्या ठिकाणी बसणारा वकील असेल तर बरा.

मोजणी झाल्याशिवाय सही नाही

हे मी माझ्या खात्यासाठी सांगत नाही, तुमच्या झोपेसाठी सांगतो. विकणारा ‘त्या आंब्यापासून या गडग्यापर्यंत’ असं हाताने दाखवतो. गटबुकातला नकाशा दुसरंच काही सांगतो. आंबा शेजाऱ्याच्या गटात निघतो. म्हणून शासकीय मोजणीसाठी अर्ज करायला लावा. शेजारच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीच्या दिवशी ते हजर राहतात आणि हद्दी सगळ्यांसमोर दाखवल्या जातात. मोजणीनंतर ‘क प्रत’, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. त्या दिवशी तुम्हीही जा, शेजाऱ्यांशी चहा प्या, हद्दीच्या दगडांवर चुना मारा. हद्दीवरचं भांडण तिथेच मिटतं किंवा तिथेच उघडं पडतं. दोन्ही तुमच्या फायद्याचंच.

व्यवहार ठरला की स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. इसार दिला तर चेकने द्या. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. खरेदीखतात चतुःसीमा लिहा आणि मोजणीचा नकाशा जोडा. नोंदणी झाल्यावर काम संपलं असं समजू नका. तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. तुमच्या नावाचा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

छोट्या प्लॉटच्या जाहिरातींपासून दूर राहा

‘पाच गुंठे, समुद्र दिसतो, हप्त्याने’ अशा जाहिराती फोनवर रोज येतात. बऱ्याचदा एका मोठ्या शेतगटाचे खडूने पाडलेले तुकडे असतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र धरलं जातं. शेतजमिनीचा त्याहून लहान तुकडा परवानगीशिवाय घेतला, तर स्वतंत्र सातबारा होत नाही. मग अनेक अनोळखी माणसांसोबत तुमचं नाव एकाच उताऱ्यावर सामाईक लागतं. शिवाय शेतजमिनीवर शेतघर बांधायचं तर निदान ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर लागतं. हे नियम सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून खरेदीच्या महिन्यातला नियम तहसील कचेरीतून लेखी घ्या. थोडी जागाच हवी असेल तर शेतकरी असलेल्या तीन-चार विश्वासाच्या मित्रांनी मिळून प्रमाणभूत क्षेत्राची जमीन घ्यावी आणि आपसातली व्यवस्था पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

घर लहान, छप्पर मोठं

घर बांधताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. वर्षातले किती दिवस इथे राहणार आहोत? दोन खोल्या, स्वयंपाकाचा कोपरा, मागे न्हाणीघर आणि पुढे रुंद पडवी. ४००-५०० चौरस फूट दोन माणसांना भरपूर होतात. कोकणातलं जगणं पडवीत होतं. तिथेच बसणं, वाचणं, पाहुणे, दुपारची झोप. म्हणून पैसा खोलीपेक्षा पडवीत घाला.

भिंती जांभ्याच्या करा. चिरे जवळच्या खाणीतून आणा, कारण चिऱ्यापेक्षा वाहतूक महाग पडते. चिरा निवडताना हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजला तर घ्या. बद्द वाजला किंवा आत पांढऱ्या मातीची भोकं जास्त दिसली तर बाजूला टाका. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून चिरे थोडे आधी आणून रचून ठेवा. बाहेरून गिलावा करायची गरज नाही. दरजा नीट भरल्या की भिंत देखणी दिसते आणि सिमेंटही वाचतं.

जोतं दोन-अडीच फूट उंच घ्या. पावसात जमिनीवरून वाहणारं पाणी, ओल आणि सरपटणारे पाहुणे या सगळ्यांवर तो एकच उपाय. छप्पर उतरतं, मंगलोरी कौलांचं. पाखं भिंतीबाहेर निदान तीन फूट येऊ द्या, म्हणजे पावळीचं पाणी भिंतीला लागत नाही. पावळीखाली चिऱ्यांची पन्हळ करून पाणी घरापासून दूर न्या. पाऊस आणि वारा नैऋत्येकडून येतो. त्या बाजूला मोठ्या खिडक्या नकोत, पडवी किंवा न्हाणीघर असू दे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे हजारो छपरं उडाली. त्यातून शिकण्यासारखं आहे. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यापुढे जास्त टिकतं. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा. वारा खालून घुसून पडवी उचलतो, पण ती सुटी असेल तर घराचं छप्पर वाचतं. वासे भिंतीला नुसते टेकवू नका, लोखंडी पट्टीने भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला बांधा.

लाकूड नवं घेऊ नका. गावात जुनी कौलारू घरं पाडून स्लॅबची घरं होतात, तेव्हा ऐन, किंजळ, फणस यांचे वासे, खांब, दारं-चौकटी थोडक्या पैशांत मिळतात. प्रत्येक लाकडावर बोटांच्या पेरांनी ठोका. आवाज भरीव आला तर घ्या. पोकळ आला तर आत वाळवी आहे. जमिनीला शहाबादी फरशी किंवा कोबा. संडासाला दोन शोषखड्डे करा. एक भरला की दुसरा वापरा आणि पहिल्यातलं वर्ष-दीड वर्षाने खत होतं. खड्डे विहिरीपासून निदान ५० फूट लांब असू द्या.

सेवाग्रामला जाऊन बापू कुटी एकदा नक्की बघा. १९३६ नंतर गांधीजी तिथल्या ज्या साध्या घरांत राहिले, ती माती, बांबू, लाकूड आणि कौलं अशा आसपास मिळणाऱ्या सामानाची आहेत. तिथे थोडा वेळ बसलं की कळतं, शांत राहायला किती थोडं बांधकाम लागतं.

गावाशी नातं

तुम्ही वर्षातले बरेच महिने नसाल. तेव्हा घराची काळजी गावच घेणार. म्हणून गवंडी, सुतार, मजूर गावातलेच घ्या आणि मजुरीत घासाघीस करू नका. शिमग्याला पालखी दारात येते, तेव्हा घरी असा. गावच्या देवळाच्या आणि शाळेच्या कामाला आपला वाटा द्या. शेजाऱ्याची गुरं आपल्या जागेतून पाण्यावर जात असतील तर ती वाट बंद करू नका. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला पाणी असेल आणि शेजारी हंडा घेऊन आला, तर ते द्या. सगळ्या जागेभोवती तारेचं कुंपण घालून ‘खाजगी मालमत्ता’ची पाटी लावणाऱ्याला गाव कधीच आपलं मानत नाही. माकडं आणि रानडुकरं कुंपणाने थांबत नाहीतच, त्यांच्यावर शेजाऱ्याची नजरच उपयोगी पडते.

पैशाची वाटणी

जमा असलेल्या रकमेचे आधीच भाग करा. निम्म्याहून जास्त रक्कम जमिनीत घालू नका. मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी, वकील यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. मुद्रांक शुल्क खरेदीच्या किमतीवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. उरलेल्यातून आधी पाणी आणि वाट, मग छप्पर आणि भिंती. रंग, फर्निचर, बाग हे सगळं पुढच्या वर्षी. कर्ज काढून विश्रांतीचं घर बांधू नका. दर महिन्याचा हप्ता आठवत पडवीत बसलं तर विश्रांती होत नाही.

आणि शक्य असेल तर आवडलेल्या गावात आधी एक पावसाळा भाड्याने राहा. घरं रिकामी असतात, भाडं नाममात्र असतं. त्या चार महिन्यांत पाणी, वाट, माणसं, वीज आणि तुमचं स्वतःचं मन, सगळ्यांची परीक्षा होते. विकणारा ‘दोन गिऱ्हाईकं थांबली आहेत’ म्हणून घाई करत असेल तर त्यांना घेऊ द्या. कोकणात रिकाम्या जागा पुष्कळ आहेत. एक वैशाख आणि एक आषाढ थांबून, सातबारा आणि क प्रत समोर ठेवून जी जागा तरीही घ्यावीशी वाटेल, तिच्यावरच कष्टाचे पैसे घाला.